बांधावरची चप्पल

माझी नणंद सुचिता गेल्या मार्गशीर्षात चारही गुरुवारी माहेरी आली. ज्यांना ती माहीत आहे त्यांना यातलं नवल कळेल. एरवी ती वर्षातून दोनदा येते, गणपतीत आणि मे महिन्यात, आणि दोन्ही वेळा गाडीतून उतरतानाच परत जायची वेळ सांगते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. पण नणंद ती नणंद, म्हणून मी तिला वन्सं म्हणते आणि अगंतुगंही करते. तिला दोन्ही चालतं.

दुपारी भांडी आवरली की मी रोज वहीत चार ओळी लिहिते. त्या महिन्याची पानं आज काढून बसले, तर जिथे तिथे तीच. "वन्सं आज तीनदा अंगणात जाऊन आली." "वन्संनी चहा गार करून टाकला." "वन्सं जेवली नाही, उपास धरत नसूनही."

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला, बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेल्या जमिनीवर. माझे सासरे येसाजी, वय अठ्ठ्याहत्तर, यांनी चाळीस वर्षं या बांधावरची उघाडी सांभाळली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बांधाच्या पोटातून दगडी मोरी जाते. तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली एक जाड लाकडी फळी असते, तीच उघाडी. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी फळी ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीच फळी दाबून बंद करते. गोडं बाहेर जातं, खारं आत येत नाही. त्या फळीवर आमचं भात उभं आहे.

सुचिता याच बांधावर वाढली, शिकून इंजिनियर झाली आणि बेलापूरच्या एका कंपनीत लागली. अणुवीज केंद्रातला थंड पाण्याचा पंप कधी चालू व्हावा, कुठली झडप कधी मिटावी, हे ज्या संगणकांनी ठरवायचं त्यांचे नकाशे ही कंपनी आखून देते. सुचिताचं काम त्या नकाशांत चोर शोधायचं, म्हणजे बाहेरून कोणी कुठून शिरू शकेल ते. केंद्र अजून उभं नाही, वायर पडलेली नाही, सगळं कागदावर, आणि ही बाई कागदावर चोर शोधते.

"घर बांधून झाल्यावर कडी कुठे बसवू विचारलं तर भिंत फोडावी लागते, वहिनी," ती म्हणते. "म्हणून आधीच."

ही सवय ती घरीही घेऊन येते. माझ्या फोनचं कुलूप मी एक-दोन-तीन-चार ठेवलं होतं. तिने ते बघता बघता उघडलं आणि मला कोपरापासून हात जोडले. मग विचारलं, "कपाटाची चावी कुठे असते?"

"देवामागे."

"हेच. अख्खा देश चावी देवामागे ठेवतो, आणि हे चोरांनाही माहीत असतं."

नोकरी लागली तेव्हा सासऱ्यांनी तिला विचारलं होतं, "गो सुचे, तू करतेस काय तिथं?" तिने खूप समजावलं. मग थकून म्हणाली, "बाबा, केंद्रातली माहिती बाहेर येऊ द्यायची, बाहेरचं काही आत जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी एक पेटी असते. ती बसवायची."

"म्हंजे उघाडी."

"व्हय बाबा, उघाडीच."

तेव्हापासून सासरे गावभर सांगतात, माझी पोर सरकारच्या उघाड्या बसवते.

पहिल्या गुरुवारी ती आली तेव्हा मी मांडणी करत होते. चौरंग, कलश, आंब्याचा टाळा, पाच फळं. तिला म्हटलं, कथा तू वाच, तुझा आवाज चांगला आहे. वाचायला बसली आणि अर्ध्यात थांबली. एक पान उलटून दुसरं, परत पहिलं.

"पान चुकलं का?"

"नाही. आधीच्या पानावर काय लिहिलंय ते बघत होते. मी नीट वाचलं होतं की नुसतं उलटलं ते."

कथा वाचताना असं कोण बघतं? माझ्या मनात एकदम आलं, नवऱ्याशी बिनसलंय. दुपारी वाल निवडताना मी विषय काढला. "सुजितराव बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"भांडलात?"

"भांडायला तरी मी घरी असते का, वहिनी?" ती हसली. हसताना हातातले निवडलेले वाल तिने न निवडलेल्यांत टाकले. दोघींनी मिळून सगळं पहिल्यापासून निवडलं.

दुसऱ्या गुरुवारी मात्र ती स्वतःच बोलली. पूजा झाली होती. सासरे पडवीत पेंगत होते आणि पेंगतानाही मार्गशीर्ष कधी संपतोय ते विचारत होते, कारण आमच्याकडे हा महिना मासळी बंद. आमचे हे ट्रक घेऊन दिघीला गेले होते. तिने रांगोळीचा डबा ओढला आणि फरशीवर एक चौकोन काढला.

"हे केंद्र." बाजूला छोटी चौकट. "ही एकेरी पेटी. आतून बाहेर." एक रेघ, तिला बाण. मग पेटीला वळसा घालून जाणारी आणखी एक बारीक रेघ तिने काढली. "आणि ही इथे नको होती."

तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या चाचणीच्या खोलीत यंत्रणा तपासताना अडचण आली. यंत्र पुरवणारा पुण्यात. त्याला तिथूनच बघता यावं, सुधारता यावं म्हणून ही वळशाची वाट तात्पुरती ठेवायची, नकाशातही दाखवायची, असं ठरलं. परवानगी सुचिताच्या सहीने दिली गेली. काम झाल्यावर वाट काढायची होती. काढणार होता निकेत नावाचा सहकारी. त्याने फोनवर सांगितलं, आज काढतो. सुचिताने धोक्यांच्या यादीत त्या ओळीपुढे खूण केली, 'काढली', आणि खाली आपल्या नावाची अक्षरं घातली.

"बघितलं नाहीस?"

"नाही ना. तो म्हणाला आज काढतो. विश्वासू माणूस. त्या दिवशी त्याला भलत्याच कामाला ओढलं, मग ते राहिलं, मग त्याने नोकरी बदलली. आणि नकाशावरून नकाशा निघत गेला. प्रत्येक नव्यात ही रेघ पुढे येत गेली. यादी म्हणते रेघ नाही, म्हणून कोणी शोधलीच नाही. मला दिवाळीनंतर दिसली. एकदम अखेरच्या नकाशात."

"मग आता काढ. पुसून टाक."

"पुसायला अर्धा मिनिट लागतो, वहिनी." तिने फरशीवरची रेघ अंगठ्याने पुसली. "पण मी त्या वर्षी अशा चौसष्ट खुणा केल्यात. एक न बघता केली, तर बाकीच्या त्रेसष्ट बघून केल्या हे कशावरून? मलाच आठवत नाही. खरं सांगायचं तर सगळ्या परत उघडायच्या. दोन महिने सगळं थांबणार. आणि मला पुढच्या महिन्यात या गटाची प्रमुख करणार आहेत."

तिचे वरिष्ठ हर्षद सर. माणूस वाईट नाही, ती म्हणाली. त्यांनी सोपा मार्ग काढला होता. रेघ पुसायची, शेऱ्यात लिहायचं की ही निकेतच्या काळातली राहून गेलेली चूक, आणि सही करून पुढे जायचं. निकेत तर गेलाच आहे, त्याचं काय बिघडतं?

"बिघडतं काय त्याचं?" मी विचारलं.

"तो याच धंद्यात आहे. हा शेरा केंद्राच्या लोकांकडे जातो. तिकडे एकदा नाव गेलं की त्याला पुढच्या कामाची परवानगी कोण देणार? आणि काढतो असं तो म्हणालाही होता, वहिनी. म्हणजे हे धड खोटंही नाही. तेच तर."

अखेरच्या नकाशावरची ही सही चौथ्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारी करायची होती. एवढं सांगून तिने सगळी रांगोळी तळव्याने पुसली. चौकोन, पेटी, बाण, सगळं. नंतर ओल्या फडक्याने फरशीही पुसली. मी म्हटलं, "अगं, रांगोळी आहे ती, देवापुढची." तर म्हणाली, "नकाशा होता तो."

मी काय सल्ला देणार? देवीला म्हटलं, हिला झोप दे.

तिसऱ्या गुरुवारी पौर्णिमा नुकतीच झालेली, खाडीला उधाण. सासऱ्यांना बांधावर चक्कर मारायची होती आणि त्यांना आता एकटं सोडत नाही, म्हणून आम्ही दोघी बरोबर गेलो. वन्सं आमच्या पुढे चाले, मग थांबे, मग परत मागे येई. सासरे म्हणाले, "गो, तुझ्या पायांत काय इंजिन बसवलंय? बांध पळत न्हाय."

उघाडीपाशी पोचलो. मोरीच्या वर, गवतात, एक निळी स्लीपर ठेवलेली. एकच. वन्सं ती बघून जागीच उभी राहिली.

ही आमच्या गावची रीत आहे, दुसऱ्या गावात मी पाहिली नाही. कधीकधी उघाडीच्या फळीखाली दगड लावून ती जरा उघडी ठेवतात, म्हणजे भरतीबरोबर जिताड्याची पिल्लं आतल्या तळ्यात येतात. जिताडा म्हणजे आमच्याकडे जावयाचा मासा, साहेबाचा मासा. पण दगड वेळेत काढला नाही तर खारं पाणी थेट शेतात. म्हणून ज्याने दगड लावला त्याने आपली एक चप्पल काढून बांधावर ठेवायची आणि एका पायाने अनवाणी घरी जायचं. दगड काढेपर्यंत चप्पल उचलायची नाही. दुसरी चप्पल घालायची नाही.

"काढू का दगड, बाबा?" वन्संनी विचारलं. "भरतीला तासभर आहे."

"हात लावू नको. ज्याचा दगड त्याने काढायचा. तू काढलास तर त्याला वाटंल, काढनारं कोनीतरी असतंच." सासरे खाली बसले. "थांबू आपन. आला न्हाय तर मग काढू, नि चप्पल देवळात नेऊन टांगू."

बसलो. पाणी चढताना दिसत होतं. वन्सं घड्याळ बघे, पाणी बघे, रस्ता बघे. शेवटी खालच्या आळीतला एक जण लंगडत, शिव्या घालत आला, गुडघाभर पाण्यात उतरला, दगड काढला, स्लीपर पायात सरकवली. "येसादादा, तुमच्या या कायद्यानं माजा पाय फाटला! दिवसभर बायको इचारतेय, कोनाच्या घरी चप्पल इसरलास?"

सासरे खूश होऊन हसले. "डोकं इसरतं रे. पाय इसरंत न्हाय."

रीत सासऱ्यांनीच घातलेली, हे मला लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी आश्विनात दगड राहून गेला आणि उधाणाचं पाणी आत शिरलं. उघाडीला लागून सदाभाऊंचं शेत. भात पोटरीत होतं, ते गेलं. पुढची तीन वर्षं त्या जमिनीत पीक धरलं नाही. सदाभाऊ नेहमी तिथे जाळं घेऊन बसत, म्हणून आधी गावाने त्यांनाच धरलं. दोन दिवस त्यांच्या दारात कोणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सासरे देवळात उभे राहिले आणि म्हणाले, दगड माझा. एवढंच मला ठाऊक होतं.

परतताना सासरे पुढे गेल्यावर वन्सं मला हळूच म्हणाली, "दगड बाबांनी लावला नव्हता, वहिनी. मला सांगितलं होतं लावायला. मी अकरा वर्षांची. संध्याकाळी काढ म्हणाले, मी चौलच्या बाजारातल्या बांगड्या बघत बसले मैत्रिणीकडे. बाबांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मीही नाही."

त्या दिवशीच्या पानावर मी एवढंच लिहिलंय: "सासऱ्यांना आज गुळाचा चहा दिला."

चौथा गुरुवार उद्यापनाचा. सात सवाष्णी सांगितल्या होत्या. प्रत्येकीला हळदीकुंकू, एक फळ आणि कथेची पोथी. वन्सं सकाळपासून स्वयंपाकघर आणि अंगण एक करत होती. फोन उचले, ठेवे. हर्षद सरांचा निरोप दोनदा आला होता, उद्या अकराला सही, तयार आहेस ना.

सवाष्णी जेवून गेल्या. संध्याकाळी केसरकाकू आल्या, सदाभाऊंच्या बायको. सदाभाऊ जाऊन चार वर्षं झाली. त्यामुळे हळदीकुंकवाला बोलावलं तरी त्या येत नाहीत. उशिरा, सगळं आटोपल्यावर, प्रसादाला म्हणून येतात. मी मात्र त्यांचं फळ आणि पोथी दरवर्षी बाजूला ठेवते. देवी बायकांच्या कपाळाकडे बघून देते असं मला वाटत नाही.

"काय गो सुची," काकूंनी बसता बसता सुरुवात केली, "तू म्हनं अनुबाँब बनवतेस?"

"बाँब नाही हो काकू. वीज."

"मग आमचं बिल कमी कर की. का तेवढं तुझ्या हातात न्हाय?"

"तेवढं नाही हातात."

"मग कसली गो इंजिनेर!"

मी फळ आणायला आत वळले. परत आले तर वन्सं काकूंच्या पुढ्यात खाली बसली होती. "काकू, तो दगड माझा होता. तुमचं शेत गेलं तो. बाबांचा नव्हता."

माझ्या हातात पेरू तसाच राहिला. पडवीत सासरे जागे होते, त्यांची काठी खाली पडल्याचा आवाज आला.

काकूंनी तिच्याकडे बघितलं. मग पदराने तोंड पुसलं. "मला ठाव हाय."

"ठाव हाय? कसं?"

"अगं, दगड मीच उचलला ना दुसऱ्या दिवशी. एवढुसा." काकूंनी मूठ केली, तीसुद्धा अर्धी. "येसादादानं लावला असता तर पाटा लावला असता. तो पोरीच्या हातातला दगड व्हता."

"मग बोलला नाहीत कुणाला?"

"कशाला बोलू? तुझ्या बापानं नाव घेतलं. आमच्या ह्यांच्यावरचं उतरलं. कोनीतरी आपलं म्हनून घेतलं की झालं, मग कोनाचा हात व्हता ते देव बघंल." काकूंनी पेरू माझ्या हातातून स्वतःच घेतला. "पन ते दोन दिवस गो... ते दोन दिवस आमचे हे जेवले न्हाईत. शेत गेल्याचं न्हाय इतकं, लोकांनी त्यांना धरलं त्याचं. ते दोन दिवस मी इसरले न्हाय. तिसऱ्या दिवशीबी तुझा बाप बोलला नसता, तर मी बोलले असते. दगड हातात घेऊन देवळात गेले असते."

काकू पेरू खात उठल्या. जाताना सासऱ्यांना म्हणाल्या, "येसादादा, काठी उचला, साप समजून कोनीतरी मारंल तिला."

सकाळी निघायची होती ती वन्सं त्याच संध्याकाळी निघाली. मी कलशातलं पाणी तुळशीला घालत होते. तिने चपला घातल्या आणि मला म्हणाली, "सदाभाऊंसारखा निकेतला आज दुसरा दिवस लागलाय, वहिनी. त्याला अजून माहीतच नाही."

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला नाही. शनिवारीही नाही. मी देवापुढे दिवा लावून ठेवला. रविवारी आला.

शुक्रवारी अकराला तिने सही केली नाही. त्याऐवजी एक पान लिहून दिलं. रेघ पुसायला सांगितलं, आणि खाली लिहिलं की 'काढली' ही खूण मी स्वतः न बघता केली, म्हणून माझ्या त्या वर्षीच्या चौसष्टही खुणा पुन्हा तपासाव्यात. निकेतचं नाव त्यात नव्हतं. हर्षद सरांनी पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सुचिता, तुला कळतंय ना, प्रमुख आता दुसरं कोणी होणार." ती म्हणाली, कळतंय. तर म्हणाले, "मग बस. कुठून सुरुवात करू या?"

शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच आणखी दोन रेघा निघाल्या. एक तिच्या खुणेची, आणि एक तिच्या चौसष्टांतली नसलेली, भलत्याच कोणाची. ते ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी हर्षद सरांनीच तिला विचारलं की हे परत होऊ नये म्हणून यादीत काय घालायचं. तिने नियम सुचवला. ज्याला तात्पुरती वाट हवी, त्याने आपलं कंपनीचं कार्ड जमा करायचं. वाट काढली, आणि दुसऱ्या कोणी ती काढलेली स्वतः पाहिली, की कार्ड परत. तोवर रोज फाटकावर पाहुण्यांच्या वहीत सही करून आत यायचं, आणि कँटीन बंद, कारण जेवण कार्डावर मिळतं.

हर्षद सर म्हणाले, "हा नियम कुठल्या पुस्तकातला?"

"आमच्या गावचा आहे, सर. तिथे चप्पल असते."

मी फोन सासऱ्यांच्या कानाला लावला. त्यांनी सगळं ऐकलं, रेघा आणि कार्डं त्यांना कितपत कळली देवाला ठाऊक. मग विचारलं, "आता कोनाची चप्पल हाय बांधावर?"

"माझीच, बाबा. चौसष्ट होईपर्यंत."

"पाय फाटंल," सासरे म्हणाले, आणि फोन माझ्याकडे दिला.

वन्सं बारा वर्षं त्या कंपनीत आहे. गेले सहा आठवडे ती फाटकावर पाहुण्यांच्या वहीत नाव लिहिते आणि डबा नेते. जन्मात कधी चुलीपाशी उभी राहिली नव्हती, ती काल मला विचारत होती, बिरड्याला वाल किती वेळ भिजवायचे. मी सांगितलं, रात्रभर भिजव, मग मोड आण, आणि सोलताना एकेक बघून सोल.

"बघतेय, बघतेय," ती म्हणाली. चौसष्टांतल्या अजून सतरा राहिल्यात.